मार्केटिंगसाठी बीबीए की बी.कॉम.? कॉलेज निवडताना काय तपासायचं

ताई, मुलगी बारावी कॉमर्स झाली आहे, मार्केटिंगच करायचं म्हणते आणि एका खासगी कॉलेजने ‘डिजिटल मार्केटिंग स्पेशल’ बीबीए सुचवलंय. ते घ्यावं की साधं बी.कॉम., असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत सांगते: ‘स्पेशल’ या शब्दावर पैसे मोजू नका, आत काय शिकवतात ते उघडून बघा.

पण आधी मान्यता. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए एआयसीटीईच्या (तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणाला मान्यता देणारी केंद्रीय परिषद) कक्षेत आले आणि प्रवेशासाठी राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा सुरू झाली. पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेज असेल तर संलग्नता आणि एआयसीटीई मान्यता, दोन्ही कागद मागा. सीईटीशिवाय ‘थेट प्रवेश’ म्हणत असतील तर पदवी प्रमाणपत्रावर नेमकं काय छापून येणार ते लेखी घ्या. राज्यातल्या काही कॉलेजांनी असे अभ्यासक्रम बी.कॉम.च्या नावाखाली चालवले आहेत. त्यात वाईट काही नाही, पण आधी माहीत असावं. शासनाची शुल्क सवलत साधारणपणे कॅप फेरीतून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशाला मिळते. संस्था स्तरावर, म्हणजे थेट कॉलेजकडून जागा घेतली की ती सवलत बहुधा हातची जाते आणि पालकांना हे पहिला हप्ता भरल्यावर कळतं.

आता मूळ मुद्दा. बीबीए इंग्रजीतूनच आहे. प्रेझेंटेशन, केस स्टडी आणि प्रोजेक्ट जास्त, फी बरीच जास्त. अनुदानित कॉलेजातलं बी.कॉम. खूप स्वस्त, पाया हिशेबाचा, आणि मार्केटिंग मॅनेजमेंट हा विशेष विषय घेता येतो. मात्र तो विषय त्या कॉलेजात खरंच चालतो का ते विचारा. पुरेशी मुलं नसली की वर्ग सुरूच होत नाही, मग मुलांना दुसऱ्या विषयात वळवतात. पुढे एमबीए करायचंच असेल तर बी.कॉम. अधिक एखादी चांगली इंटर्नशिप हा शहाणा रस्ता. तीन वर्षांनी थेट नोकरी हवी असेल आणि इंग्रजी बोलायची सवय कमी असेल, तर बीबीएचा वाढीव खर्च वसूल होऊ शकतो.

कॉलेज कसं आहे हे ग्रंथालयात कळतं. मागच्या वर्षीचे मार्केटिंगचे दोन-तीन प्रोजेक्ट रिपोर्ट बघायला मागा. काळ्या बाइंडिंगची वही शेवटून उघडा, परिशिष्टात प्रश्नावली असते. ‘तुम्ही या ब्रँडबाबत समाधानी आहात का? हो / नाही’ असे दहा प्रश्न, शंभर उत्तरं आणि दहा पाय चार्ट दिसले तर ते घरी बसून भरलेलं असण्याची शक्यता मोठी. चांगल्या रिपोर्टमध्ये नाशिकचं सातपूर की पंचवटी, किती दुकानं, कोणत्या दिवशी, दुकानदाराला मार्जिन किती, माल किती दिवसांत संपतो, हे असतं. दोन रिपोर्टमधली वाक्यं सारखीच निघाली तर बाकी काही विचारायची गरज नाही.

गणित टाळण्यासाठी मार्केटिंग घेणाऱ्या मुली दुसऱ्या वर्षी अडकतात. संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती हे विषय चुकत नाहीत. डिजिटल जाहिरातीचंही तेच: हजार रुपयांत ४० जणांनी चौकशी केली आणि दोघांनी माल घेतला, तर एक ग्राहक पाचशेला पडला. हा हिशेब मुलीला करता आला पाहिजे.

प्लेसमेंटच्या फलकावर कंपन्यांची नावं असतात, तुम्ही पदाचं नाव विचारा. ‘बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह’ म्हणजे बहुतेक वेळा फोनवरची किंवा फिरतीची विक्री. काम वाईट नाही, पण पगार नीट समजून घ्या. तीन लाखांच्या पॅकेजात साठ हजार इन्सेन्टिव्हचे असतील तर महिन्याचे पंचवीस नव्हे, वीस हजारच पक्के, तेही पीएफ कापण्याआधी.

प्रवेशाआधी एक करून बघा. मेन रोडवर ओळखीच्या दुकानात मुलीला एक संध्याकाळ उभी करा. वीस गिऱ्हाइकं: काय मागितलं, काय घेतलं, न घेता गेलं तर का, एवढं वहीत लिहायचं. घरी येऊन ती त्या वहीबद्दल आपणहून बोलत राहिली, तर फॉर्म भरा.