सोलापूरला राहायला जावे का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : चाकणला एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. हातात ४२,००० येतात. बायको अकाउंट्सचे काम करते, तिला १८,००० मिळतात. घरभाडे १३,०००, पाळणाघर ५,०००, तिचा जाण्यायेण्याचा खर्च २,५००. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल कारखाना ३६,००० देतो आहे. आईवडील तिथेच आहेत, ते मुलाला सांभाळतील; त्यांच्या घराजवळ ७,५०० भाड्याने घर मिळते. मित्र म्हणतात, गिरण्या बंद पडलेल्या गावात कशाला जातोस?

गिरण्या बंद पडल्या हे खरेच. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल कधीच गेली, नंतर लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजीही गेली. पण तुम्ही गिरणीत नाही, एका कारखान्यात चालला आहात. आजचे सोलापूर म्हणजे टॉवेल-चादरींचे लहान-मध्यम कारखाने, यंत्रमाग, युनिफॉर्मची शिलाई आणि विडी. एक कारखाना दोन पाळ्यांत चाललेला आणि त्याच्या भिंतीला लागून असलेल्याला कुलूप, असे चित्र तिथे नेहमी दिसते. म्हणून शहराबद्दल लोक काय म्हणतात ते बाजूला ठेवा आणि या एका कारखान्याची नीट चौकशी करा.

आधी घरचा हिशेब मांडू. चाकणला दोघांचे मिळून ६०,०००, त्यातून तिन्ही खर्च वजा जाता ३९,५०० उरतात. सोलापुरात तुमच्या एकट्याच्या पगारातून भाडे गेले की २८,५००, म्हणजे महिन्याला ११,००० ची तूट. वहिनींना तिथे १२,००० चे काम मिळाले, तर मात्र ४०,५०० होतात आणि पारडे किंचित सोलापूरकडे झुकते. थोडक्यात, हा निर्णय तुमच्या नोकरीइतकाच त्यांच्या नोकरीवर अवलंबून आहे. राजीनामा देण्यापूर्वी त्यांनी सोलापुरातल्या सीए कार्यालयांत, रुग्णालयांत, सूत व्यापाऱ्यांकडे मुलाखती द्याव्यात. ‘तिथे गेल्यावर बघू’ यात सहा-आठ महिने सहज जातात. पगाराच्या पत्रातही एक गोष्ट पाहा : ३६,००० हातात येणार आहेत, की मालकाचा पीएफचा वाटा त्यातच धरला आहे?

आता कारखाना. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या, संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव टाकून शोधता येते, लॉगिन लागत नाही. पेमेंटचा तपशील उघडला की कोणत्या महिन्याचा भरणा कोणत्या तारखेला झाला आणि किती कामगारांचा, हे दिसते. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. वर्षभराच्या तारखा एकाखाली एक लिहून काढा. आधी १४-१५ ला होणारा भरणा २८ वर, मग त्याच्याही पुढच्या महिन्यात सरकत गेलेला दिसला, तर खेळत्या पैशाची ओढाताण सुरू झाली आहे असे समजा; पगार लांबण्याच्या आधी बहुधा पीएफ लांबतो. कामगारांचा आकडा १४० वरून ९५ वर आला असेल, तर माणसे कमी केली की ठेकेदाराकडे वळवली, हे थेट विचारा. जीएसटीच्या पोर्टलवरही कारखान्याचा क्रमांक टाकला की कोणते विवरणपत्र कधी भरले ते दिसते. दोन्हींत एकाच वेळी खंड पडलेला असेल, तर पुढची चौकशी करण्यात अर्थ नाही.

मुलाखतीला दुपारच्या पाळी बदलाच्या वेळी जा आणि शेड फिरून बघायची परवानगी मागा. मेंटेनन्सच्या माणसाने हे मागणे रीतसरच आहे. किती मागांवर बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) चढलेला आहे ते मोजा. कोपऱ्यातल्या मागाचे मोटार, कार्ड, गिअर काढून दुसऱ्याला बसवलेले दिसले, तर सुट्या भागांना पैसे सुटत नाहीत. अशा जागी बिघाडाचे खापर रोज तुमच्यावर फुटेल. सुताच्या गोदामात किती दिवसांचा माल आहे, बॉयलरचे तपासणी प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत आहे, हेही विचारा. एकच सूत रोज थोडे थोडे येत असेल, तर उधारी मिळत नसण्याची शक्यता मोठी.

माल कुठे जातो, हा प्रश्न तर विसरूच नका. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क एकूण ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा टॉवेलसारख्या मालाला थेट फटका बसला. निम्म्याहून अधिक माल एकाच परदेशी गिऱ्हाइकाला जात असेल, तर तुमची नोकरी त्या गिऱ्हाइकाच्या हातात आहे. देशातली हॉटेले, रुग्णालये आणि घाऊक बाजार असा विभागलेला धंदा कमी चमकदार दिसतो, पण टिकतो. मालक कुटुंबात भावाभावांची वाटणी चालली असेल, तर ती पुरी होईपर्यंत थांबा.

सगळे जमले, तर आधी तुम्ही एकट्याने जावे. मार्चमध्ये रुजू व्हा, आईवडिलांकडे राहा, तीन पगार ७ तारखेच्या आत येतात का ते पाहा. एप्रिल-मेमधले सोलापूरचे ऊन आणि पाणी दोन्ही त्यात कळते. कुटुंब जूनमध्ये हलवा. मूल शाळेत जात असेल, तर दाखल्याबरोबर यू-डायस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी पोर्टलवरची नोंदही नव्या शाळेकडे वर्ग झाली का, हे तपासा. ती जुन्या शाळेकडे अडकली की पुढे हेलपाटे पडतात. जुना पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) वर्ग करा. सलग पाच वर्षे व्हायच्या आत काढला तर कर लागतो, शिवाय पेन्शनचा भागही काढला तर पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवाही तुटते.

प्रश्न : जुळे सोलापूरमध्ये ९,००० ला टू बीएचके पाहिला. एजंट म्हणतो, पाण्याचा काही त्रास नाही. आम्ही चौघे आहोत. विश्वास ठेवावा का?

एजंटाला नव्हे, तळमजल्यावरच्या भाडेकरूला विचारा. आणि ‘पाणी येते का’ असे न विचारता ‘मागच्या चार वेळा कोणत्या वारी, किती वाजता आले आणि किती वेळ टिकले’ असे विचारा. सोलापूरचे मुख्य पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या उजनीतून येते. वाटेत वाहिनी फुटली किंवा पंपाची वीज गेली की सगळ्या शहराचे वेळापत्रक एक-दोन दिवस पुढे ढकलले जाते. समांतर जलवाहिनीमुळे शहराच्या वेशीपर्यंत जास्त पाणी आणता येते, पण ते तुमच्या नळाला कधी आणि किती दाबाने पोचेल, हे भागातली टाकी आणि आतल्या वाहिन्या ठरवतात. १९९२ ला शहरात आलेल्या हद्दवाढ भागात तर दोन गल्ल्यांत फरक असतो, म्हणून शेजारच्या कॉलनीचा अनुभव तुमच्या कामाचा नाही.

हिशेब असा करा. काटकसरीने माणशी दिवसाला १०० लिटर धरले तर चौघांना ४००. पाणी दर पाचव्या दिवशी येत असेल आणि एक दिवस उशिराचा धरला, तर २,४०० लिटरची साठवण हवी. गच्चीवर तुमच्या वाट्याची १,००० लिटरची टाकी असेल, तर उरलेले १,४०० कुठे ठेवणार? गच्चीवर टाक्या नसतील आणि इमारतीच्या हौदातूनच सहा घरांना पाणी जात असेल, तर हौद किमान १४,४०० लिटरचा पाहिजे. लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, हजाराने गुणा, लिटर मिळतात. ३ × २ × १.५ मीटरचा हौद म्हणजे ९,००० लिटर, आणि तो सहा घरांना पुरत नाही.

पाणी येण्याच्या दिवशी स्वतः जा. नळाखाली २० लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ लावा. एका मिनिटात भरली तर तासाला १,२०० लिटर, दोन तासांत तुमचे काम होते. चार मिनिटे लागली तर तासाला ३०० मिळतात, मग लोक नळाला थेट मोटार लावतात. ते बेकायदा आहे, महापालिका मोटार जप्त करते. शिवाय ओढ लागल्याने फुटक्या वाहिनीतून गटाराचे पाणी आत येते. अशा गल्लीत घर घेऊ नका.

बोअर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. ते पाणी धुण्या-भांड्याला. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरा काहीच स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. बोअरचे पाणी तपासून घ्या. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर दिसला, तर पाणी जड आहे हे उघडच आहे.

साठवण आली की डेंग्यूचा धोका येतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक बॅरल रिकामे करून आतून घासा आणि कोरडे करा. नुसते पाणी ओतून दिले तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

प्रश्न : भिवंडीत वीस वर्षे माग चालवतो. सोलापूरचा एक मालक ६०,००० उचल आणि कारखान्याच्या वरच मोफत खोली देतो म्हणतो. जाऊ का?

खोली नको. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली, आणि त्याच इमारतीत राहणारी माणसे अडकली. आठ जण गेले. टॉवेलच्या मागावर सुताचे बारीक तंतू उडतात, वायरिंगवर, मोटारींवर, पत्र्यावर साचतात आणि एका ठिणगीने पेट घेतात. जिना शेडमधून जात असेल आणि खिडक्यांना जाळ्या असतील, तर रात्री बाहेर पडायला वाटच नसते. बाहेर खोली घ्या, भाडे पगारात मागून घ्या.

उचलीचा हिशेब आधी समजून घ्या. आठवड्याला १,५०० कापले तर ६०,००० फिटायला ४० आठवडे लागतात. आठवड्याची मजुरी ४,५०० असताना हे जमते. मंदी आली, माग निम्मा वेळ उभे राहिले, मजुरी २,२५० झाली, तरी कपात तीच राहिली तर हातात ७५० उरतात. मग नवी उचल, आणि गुंता वाढतो. उचल घ्यायचीच तर प्रवास आणि खोलीच्या अनामतीपुरतीच घ्या, आणि कपात ‘त्या आठवड्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा’ अशी कागदावर लिहून घ्या. वहीची एक प्रत तुमच्याकडे असू द्या. उचल बाकी आहे म्हणून कोणी तुम्हाला कामावर डांबून ठेवू शकत नाही. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने तो गुन्हा आहे. अडवले तर जिल्हाधिकारी कार्यालयात जा.

कामातला फरकही ध्यानात घ्या. तुमचा हात साधे कापड विणण्यात बसलेला असेल, तर टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात : तळाचा ताठ आणि फुलीचा, म्हणजे टॉवेलवरच्या सुताच्या फाशांचा, सैल. दोन पिके (आडवे धागे) थोडी मागे राहतात, तिसऱ्याच्या ठोक्याला तिन्ही एकदम पुढे सरकतात आणि सैल ताण्याची फुली उभी राहते. फुलीच्या बीमचा ताण जरा जास्त झाला की फुली आखूड आणि टॉवेल पातळ, कमी झाला की फुली लोंबते. दोन्ही वेळा माल सेकंडमध्ये (दुय्यम दर्जात) जातो आणि मजुरी कापली जाते. हात बसेपर्यंत, निदान पहिला महिना, नगावर नव्हे तर रोजाच्या हजेरीवर पैसे मागा. बीम संपून दुसरा चढेपर्यंतचे तास कोणाच्या खात्यावर, हे पहिल्याच दिवशी ठरवा. तिथल्या शेडमध्ये तेलुगू खूप चालते. मराठीवर अडत नाही, पण आकडे आणि ‘थांब’, ‘चालू कर’ एवढे शिकून घ्या.

प्रश्न : विमानसेवा सुरू झाली, आता जमिनीचे भाव वाढणार म्हणतात. जाण्याआधीच गुंठ्याने प्लॉट घेऊन ठेवावा का?

नाही. जून २०२५ मध्ये गोव्याचे विमान सुरू झाले ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याने तुमच्या प्लॉटला नळ येत नाही. पहिले वर्ष भाड्याने राहा, करार नोंदणीकृतच करा. त्यानंतर घ्यायचाच झाला तर सातबाऱ्यावर विकणाऱ्याचे एकट्याचे नाव आहे का, इतर हक्कांत बोजा आहे का, जमीन रीतसर बिगरशेती झाली आहे का आणि मंजूर रेखांकन आहे का, हे पाहा. ‘सातबाऱ्यावर सामाईक नाव लागेल’ असे सांगून विकलेल्या गुंठ्यावर बांधकाम परवाना अडतो, बँक कर्ज देत नाही, आणि विकायला गेलात तर गिऱ्हाईक तेच कागद मागते.