निसर्गाची ओढ आणि संसाराची कामं एका कवितेत कशी आणावीत?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या कवितेत पहिली तीन कडवी गोदाकाठच्या पहाटेची जमतात, पण चौथ्यात कर्तव्य आलं की कविता उपदेश करू लागते. दोष चौथ्या कडव्याचा नाही. सौंदर्य आणि काम तुम्ही वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेत, आणि मधल्या दाराचं नाव आहे 'पण'. आधी तो 'पण' खोडा.

मग अशी एकच गोष्ट शोधा, जी सुंदरही आहे आणि कामालाही लावते. तुमच्यासारख्या नाशिककराला ती लांब शोधावी लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेवर उतरलेलं धुकं पाहा. पाहणाऱ्याला ते हलू देत नाही. पण पानं काही तास ओली राहिली की डाऊनी या बुरशीच्या रोगाला वाट मिळते, फुलोऱ्यात घड कुजतात, म्हणून बागायतदार त्याच धुक्यात फवारणीला निघतो. ओढाताण सांगावी लागतच नाही, ती थेंबातच असते.

'जबाबदारी', 'कर्तव्य' हे शब्द कवितेत नकोत. त्यांच्या जागी वेळ असलेलं काम ठेवा: सातपूरच्या कारखान्यातली पहिली पाळी, सातची शाळेची रिक्षा.

कवितेचा घाट म्हणून मोठा अभंग करून बघा. 6, 6, 6 आणि 4 अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. चौथा चरण आखूड आणि यमकाबाहेरचा, म्हणून काम तिथे टाकलं की आपोआप लगाम बसतो:

धुके उतरले / वेलीच्या मांडवी / ओल ही हिरवी / पंप भरा

इथे 'पंप भरावा लागे' केलंत तर अक्षरं वाढतात आणि तक्रारीचा सूर येतो. आज्ञा कोरडीच बरी.

या विषयावरची अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टची बर्फातल्या रानाची कविता, 'Stopping by Woods on a Snowy Evening' (1923), यमकासाठी जरूर अभ्यासा. 16 ओळी, चार कडवी. पहिल्या तीन कडव्यांत तिसरी ओळ यमकाबाहेर, आणि तिचाच नाद पुढच्या कडव्याचं यमक होतो, म्हणजे प्रत्येक कडवं पुढे ओढतं. शेवटच्या कडव्यात मात्र चारही ओळी एकाच यमकात अडकतात, शेवटची ओळ तर आधीचीच पुन्हा येते. शब्द निघायचं म्हणतात, नाद थांबवून धरतो. रान पाहत थांबलेला माणूस तिथून निघाल्याचं कवी कुठेच लिहीत नाही.

तुमच्या कवितेतही 'मी निघालो' ही ओळ असेल तर तिच्या आधीच थांबा.