रात्रीची राखण आणि थर्मल दुर्बीण

प्रश्न : भोर तालुक्यात आमची चार एकर जमीन आहे. भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या की रानडुकरे एका रात्रीत वाफेच्या वाफे उकरून टाकतात. टेक्सासमधील शेतकरी बंदुकीवर थर्मल दुर्बीण लावून अंधारात डुकरे मारतात, असे पुतण्याने मोबाईलवर दाखवले. आपल्याकडे तसे करता येईल का?
(एक शेतकरी वाचक, जि. पुणे)

उत्तर : आपल्या मनाने तसे करता येणार नाही. टेक्सासमधील डुकरे ही माणसांनी बाहेरून नेलेल्या आणि पुढे मोकाट झालेल्या डुकरांची प्रजा असून, जमीनमालकाची संमती असल्यास खासगी जमिनीवर ती मारण्यासाठी तेथे 2019 पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. आपले रानडुक्कर मात्र इथलेच आहे आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या दुसऱ्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. उभ्या पिकाला धोका असल्यास कलम 11 नुसार लेखी परवानगी मिळू शकते. त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज करावा. बंदुकीचा परवाना ही निराळी बाब आहे. तो हाती असला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली, असे समजू नये.

मला कायद्याहून अधिक काळजी वाटते ती दुर्बिणीत दिसणाऱ्या चित्राची. ही दुर्बीण उजेडावर नव्हे, तर अंगातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेवर चालते, त्यामुळे अमावास्येलाही गार मातीवर जनावर पांढरे उठून दिसते. पण उसाच्या दाट पाल्याआड ते झाकले जाते, आणि दोन सऱ्यांच्या फटीतून हलणारा पांढरा ठिपका डुकराचा आहे, वासराचा आहे की दारे धरायला वाकलेल्या माणसाचा, हे लांबून खात्रीने सांगता येत नाही. शेतीला वीज रात्रीची असली की आपली माणसे रात्रीच पाण्यावर असतात आणि तोडणीच्या हंगामात फडाशेजारच्या कोप्यांत लेकरे निजलेली असतात. अशा रानात ठिपक्यावर गोळी झाडणे मला कोणत्याही परवानगीने पटणार नाही.

हातात धरायची थर्मल दुर्बीण राखणीसाठी मात्र उपयोगी आहे. तीन-चार रात्री बसून कळप कोणत्या ओघळीने आणि बांधाच्या कोणत्या खिंडारातून आत शिरतो ते पाहा व तेथून सौर कुंपणाची सुरुवात करा. सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच ठेवा, कारण डुक्कर तारेखालून मुसंडी मारते. तारेला गवत टेकू देऊ नका, नाहीतर झटका कमी होतो. घरातील विजेची तार कुंपणाला कधीही जोडू नका, त्याने माणसे दगावली आहेत. झालेल्या नुकसानीची छायाचित्रे काढून त्याच दिवशी वन विभागाला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत उकरलेले वाफे तसेच राहू द्या.