वाचक विचारतात : सग्वारोचे फूल, काटे आणि एक चिठ्ठी

प्रश्न : ॲरिझोनातील सग्वारो या महाकाय निवडुंगाच्या वनस्पतिसंग्रहातील (वाळवलेले नमुने कागदावर चिकटवून जपणाऱ्या संग्रहातील) नोंदी पाहिल्या. काही नमुना-कागदांवर जेमतेम एक फूल आणि काट्यांचा झुबका दिसतो. अख्खे झाड नसलेली नोंद ग्राह्य कशी धरतात?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : १२ मीटर किंवा त्याहून उंच वाढणारे, काही टन वजनाचे हे झाड सुमारे ४२ बाय २९ सेंटिमीटरच्या कागदावर मावणे शक्यच नसते, म्हणून संग्राहक उभे चिरलेले फूल, खोडाच्या सालीची गर खरवडून वाळवलेली पट्टी आणि काटे एवढेच घेतात. बाकीचे झाड कागदावर चिकटवलेल्या माहितीच्या चिठ्ठीत असते : उंची, फांद्यांची संख्या, फुलाचा रंग, जमीन, तारीख आणि ठिकाण. चिठ्ठी कोरी असेल, तर आमच्या मते नमुना कितीही देखणा असला तरी त्याचा उपयोग फार थोडा.

जुन्या चिठ्ठ्यांवर ‘टूसॉनजवळ’ (टूसॉन हे ॲरिझोनातील शहर) एवढेच लिहिलेले आढळते; अक्षांश-रेखांश पुढे कोणीतरी अंदाजाने भरतो, त्यामुळे नकाशावरील ठिपका किती अंतराने चुकलेला असू शकतो, हा सोबत दिलेला आकडाही वाचावा. दुर्मीळ निवडुंगांचे नेमके ठिकाण चोरीच्या भीतीने मुद्दाम झाकलेले असते.

आपल्याकडील फड्या निवडुंगाचे नमुने करून हात बसवायचा असेल, तर नागपुरात उन्हाळाच बरा. मांसल तुकडा वाळवण्यासाठी कागदांत दाबल्यावरही जिवंत राहतो आणि आषाढाच्या दमट हवेत त्याला हमखास बुरशी धरते.