इष्टिकाचितीतील ‘चिती’ म्हणजे काय?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. इष्टिकाचिती आणि वृत्तचिती यांची सूत्रे तिला पाठ आहेत. पण ‘चिती’ म्हणजे काय, असे तिने विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही. चितेशी या शब्दाचा काही संबंध आहे का? – एक पालक, सातारा

उत्तर : संबंध आहे. संस्कृतातील ‘चि’ या धातूचा अर्थ रचणे असा आहे. लाकडे रचली की चिता, विटा रचल्या की चिती. इष्टिका म्हणजे वीट, तेव्हा इष्टिकाचिती म्हणजे बांधकामावर जिला थप्पी म्हणतात ती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) चितीच्या गणितांचे एक छोटे प्रकरणच आहे. वीट १८ अंगुळे लांब, १२ रुंद व ३ उंच आणि चिती ८ हात लांब, ५ हात रुंद व ३ हात उंच असेल, तर विटा किती आणि थर किती, असे त्यातील उदाहरण आहे. एका हाताची २४ अंगुळे धरली की विटा २५६० आणि थर २४ येतात. (एका थरात १०६ पूर्णांक दोन-तृतीयांश विटा बसतात, म्हणजे गवंड्याला विटा फोडाव्या लागणार, पण आचार्यांना येथे घनफळाशीच कर्तव्य आहे.)

भूमितीत विटा गेल्या आणि रचना तेवढी उरली : एकाच आकाराचे, एकाच मापाचे थर एकावर एक. त्यामुळे चितीचा तळ आणि माथा एकरूप व समांतर असतात आणि ती तळाला समांतर कोठेही कापली तरी तोच आकार मिळतो. तळ आयताकृती असेल तर इष्टिकाचिती, वर्तुळाकार असेल तर वृत्तचिती, त्रिकोणी असेल तर त्रिकोणी चिती. विज्ञानाच्या तासाला दाखवतात तो काचेचा लोलक या शेवटच्या प्रकारातला. सारख्या मापाच्या भाकऱ्यांची चवड ही वृत्तचिती म्हणता येईल, मडक्यांची उतरंड मात्र नव्हे, कारण वर जावे तशी मडकी लहान होत जातात. इंग्रजीत प्रिझम आणि सिलिंडर अशी दोन निराळी नावे असल्याने जे नाते झाकले जाते, ते आपल्या शब्दात उघड दिसते. कोणत्याही सरळ उभ्या चितीचे घनफळ तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची इतके, आणि उभ्या पृष्ठाचे क्षेत्रफळ तळाची परिमिती गुणिले उंची इतके असते. मुलीने पाठ केलेल्या सूत्रांत आयताची किंवा वर्तुळाची मापे भरलेली आहेत, एवढाच फरक.