आई वॉर्डात जोक मारते आन् आम्ही हसतो, चुकतंय का?

सेलूच्या एका मुलीचं पत्र आहे. आईला स्तनाचा कॅन्सर, संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर हॉस्पिटलात ॲडमिट. केमो सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात केस गळायले तर आई म्हणाली, "चला, तेलाचा खर्च वाचला." मायलेकी पोट धरून हसल्या आन् नेमकी तेव्हाच आत्या आली, म्हणाली, "घरात एवढं दुखणं आन् तुमचं दात काढणं चाललंय?" पोरीला रात्रभर झोप नाही.

अगं बाई, तू काहीच चुकली नाहीस. केस तिचे गेले, जोकही तिचाच, तू फक्त तिला साथ दिलीस. ते लाल औषध देतात ना, डॉक्सोरुबिसिन, त्याने एकदोन दिवस लघवी लालसर होते, ते बघून आई म्हणाली म्हणे की मला न सांगताच रंगपंचमी झाली का. ही बाई घाबरलेली नाही असं नाही गं, घाबरलेलीच असणार, पण भीतीला किती जागा द्यायची हे तिचं ती ठरवायलीय.

एक मात्र मनापासून सांगते. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा ते पण असेच, केमोनं तोंडाची चव गेली तर म्हणायचे भाकरी लोखंडाची केली का गं. एका संध्याकाळी ते गप्प होते आन् मी उगाच तोच जोक परत काढला, तर त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आन् म्हणाले, "आज नको गं." डब्याचं झाकण माझ्या हातातच राहिलं. तेव्हापासून मी आधी त्यांचा चेहरा बघायचे आन् मगच बोलायचे. तू पण सुरुवात आईला करू दे, आन् ती रडायली तर हसवायला धावू नको, नुसती हात धरून बस. आम्हाला बरं वाटावं म्हणून रोज हसायचं असं ओझं तिच्यावर नको.

हसण्यानं कॅन्सर बरा होतो असं कुणी सांगितलं तर ते ऐकू नको, बरं करायचं काम औषधांचं. आन् ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर लगेच नर्सला सांगायचं, घरी असाल तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. केमो दिल्यावर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या, इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा साधं इन्फेक्शनही जिवावर बेततं. म्हणजे खरं भ्यायचं तर भेटायला येणाऱ्या गर्दीला भ्यायचं, कारण आपल्याकडं आजारी माणसाला बघायला जीप भरून लोक येतात, प्रेमानंच येतात, पण खोकत कॉटवर बसतात.

आत्यावर रागावू नको, भावजयीला तशी बघून तिचाच जीव घाबरला असंल. पुढच्या वेळी तिला मास्क लावून एकटीलाच अर्धा तास आईजवळ बसव आन् तू खाली चहाला जा. आई तिला हसवल्याशिवाय सोडत नाही बघ.