पेनकिलरने घशाच्या कॅन्सरचा रुग्ण जास्त जगतो का?

प्रश्न : सासऱ्यांचं जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता रेडिएशन आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो सुरू आहे. तोंड आतून सोलून निघालंय, पाणी गिळतानाही कळवळतात. पेनकिलर घेणारे तोंडा-घशाच्या कॅन्सरचे रुग्ण जास्त जगतात, असं दिरांनी वाचलं आणि मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची स्ट्रिप आणली. देऊ का?
– एक सून, बार्शी

उत्तर : ताई, ती स्ट्रिप आत्ता देऊ नका. सिस्प्लॅटिनचा किडनीवर आधीच भार असतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या किडनीला जाणारं रक्त कमी करतात, आणि गिळवत नसल्यामुळे सासऱ्यांच्या पोटात पाणीही कमी जात असणार. घरच्यांनी मायेपोटी दिलेल्या गोळ्यांनी क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावल्याची रक्तातली खूण) वाढलं आणि केमो थांबवावी लागली, असे रुग्ण मी पाहिले आहेत. फार वाईट वाटतं तेव्हा.

दिरांनी वाचलं ती थाप मात्र नाही. अमेरिकेत पिट्सबर्गला ऑपरेशन झालेल्या २६६ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गाठीत पीआयके३सीए या जनुकात बदल होता आणि ज्यांनी किमान सहा महिने अशी गोळी नियमित घेतली होती, त्यांच्यात पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ७८ टक्के निघालं; न घेणाऱ्यांत ४५. हा बदल साधारण तिघांपैकी एकाच्या गाठीत सापडतो. ज्यांच्यात तो नव्हता, त्यांना गोळीचा फायदा दिसला नाही. बहुतेकांची गोळी ॲस्पिरिन होती, डायक्लोफेनॅक नव्हे. या बदलामुळे गाठीत प्रोस्टाग्लँडिन ई२ हे रसायन वाढतं आणि गाठीला बळ मिळतं. गोळी ते रोखते, असं संशोधकांचं म्हणणं. पण हा जुन्या नोंदींचा अभ्यास आहे. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना गोळी, अर्ध्यांना नाही, अशी ती चाचणी नव्हती. तेवढ्या आधारावर मी कुणाला गोळी लिहून देणार नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने अशी खरी चाचणी केली, पण वेगळ्या रुग्णांवर. आजार बरा होण्यापलीकडे गेलेल्या ४२२ जणांपैकी काहींना सलाइनमधून सिस्प्लॅटिन, तर काहींना मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध आणि सेलेकॉक्सिब ही पेनकिलर, अशा दोन्ही गोळ्या दिल्या. गोळ्यांवरचे निम्मे रुग्ण साडेसात महिने किंवा जास्त जगले, सिस्प्लॅटिनवरचे निम्मे ६.१ महिने किंवा जास्त. खर्चाने पिचलेल्या घरांसाठी हे मोलाचं आहे. तरी त्यात एकट्या सेलेकॉक्सिबचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. शिवाय सासऱ्यांचे उपचार बरं करण्यासाठी चालले आहेत.

मला जास्त टोचलं ते तुमचं ‘कळवळतात’. हे सहन करायची गरज नाही! रेडिएशनच्या डॉक्टरांना उद्याच सांगा. गिळण्याआधी तोंड बधिर करणारं लिग्नोकेनचं औषध, पॅरासिटामॉलचं सिरप, त्यानेही भागलं नाही तर मॉर्फिन. मॉर्फिन दिलं म्हणजे माणूस संपला, असं समजून घरातली मंडळी घाबरतात. रेडिएशनच्या जखमांसाठी ते काही आठवडे देतात आणि नंतर हळूहळू बंद करतात. खाणं सुटलंच तर नाकातून नळी घालायला नाही म्हणू नका. पॅरासिटामॉलआधी थर्मामीटर लावा, नाहीतर केमोतला ताप झाकला जाईल. ताप निघाला तर तसंच हॉस्पिटल गाठा. आणि हृदयासाठी ॲस्पिरिन आधीपासून चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये घालून पॅथॉलॉजीत जपून ठेवलेला असतो. उपचार संपले की त्यावर पीआयके३सीएची तपासणी करून काही उपयोग होईल का, हे तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारा.